अंगठी आधी उलटी करून बघा: एडवर्डियन प्लॅटिनमच्या अंगठ्या घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनमध्ये नोकरी करणारं एक मराठी जोडपं, पुढच्या मे महिन्यात पुण्याला लग्न. दोघांनाही एडवर्ड राजाच्या काळातल्या प्लॅटिनमच्या अंगठ्या हव्या आहेत. तिला नाजूक जाळीची, हिऱ्यांची, आणि त्याला साधी, बिनखड्यांची. तिच्यासाठी पाहिलेल्या एका अंगठीचं वर्णन ‘एडवर्डियन, सुमारे १९०५, प्लॅटिनम’ असं आहे आणि आतल्या बाजूला ‘पीटी ९५०’ असा शिक्का आहे. ती खरी आहे का, आणि रोज घालता येईल का?

मी हुपरीची. चांदीकामात हात बसला तो बाबांच्या भट्टीपाशी, आणि गेली बावीस वर्षं बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये जुने दागिने दुरुस्त करते. त्यामुळे दुकानाच्या काचेपलीकडून दिसते त्या बाजूपेक्षा अंगठीची उलटी बाजूच मी जास्त पाहिली आहे.

तुम्ही पाहिलेली अंगठी १९०५ ची नाही असं मी फोटो न बघताही म्हणेन. निदान तो शिक्का तरी त्या काळचा नाही. हजारात ९५० भाग प्लॅटिनम असं आकड्यात सांगायची पद्धत ब्रिटिश दागिन्यांवर फार नंतर आली. प्लॅटिनमला या देशात सरकारमान्य हॉलमार्कच नव्हता. १९७३ चा हॉलमार्किंग कायदा १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला आणि तेव्हा प्लॅटिनम पहिल्यांदा त्यात आलं. त्याआधी कारागीर स्वतःच्या जबाबदारीवर नुसतं ‘प्लॅट’ किंवा ‘१८ सीटी अँड प्लॅट’ (सीटी म्हणजे कॅरेट) असं ठोकत, नाहीतर काहीच ठोकत नसत. म्हणजे बाकी कुठल्याही दागिन्यात शिक्का नसणं ही शंकेची जागा, पण एडवर्डियन प्लॅटिनममध्ये शिक्का जास्त चोख असणं हीच शंकेची जागा. हे मनात पक्कं बसलं की अर्धी फसवणूक टळते.

एडवर्डियन म्हणजे नेमकं कधीचं, तेही सांगते. राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये गेली, सातवा एडवर्ड ६ मे १९१० ला गेला. दागिन्यांच्या व्यापारात मात्र हा काळ पहिल्या महायुद्धापर्यंत ताणतात, कारण शैली राजाबरोबर मेली नाही. इतकी सूट रास्त आहे. पण १९२५ ची अंगठी एडवर्डियन म्हणून विकणं रास्त नाही, आणि तेच सर्रास होतं.

आता प्लॅटिनम याच काळात का आलं ते समजून घ्या, कारण खरंखोटं ओळखायची किल्ली तिथेच आहे. त्याआधी हिरे चांदीत बसवत. पिवळ्या सोन्याची झाक पांढऱ्या हिऱ्यात उतरू नये म्हणून पुढे चांदी, आणि चांदीचा काळा डाग बोटाला लागू नये म्हणून मागे सोन्याचा पत्रा. चांदी मऊ, म्हणून कोंदण जाड ठेवावं लागे. प्लॅटिनम काळं पडत नाही आणि बारीक तारेतही दम धरतं, पण ते वितळतं १७६८ अंशांना. सोनं १०६४ ला, चांदी ९६२ ला. साध्या फुंकणीच्या ज्योतीवर काम करणाऱ्या सोनाराला ते अंतर झेपणारं नव्हतं. ऑक्सिजन आणि अॅसिटिलीनची ज्योत १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाली, हळूहळू कारखान्यांत पोचली, आणि मग लेससारखं काम करणं शक्य झालं: पाकळीएवढ्या जाड पत्र्यात बारीक करवतीनं कापलेली जाळी, पानाफुलांच्या माळा, रिबिनीच्या गाठी, सुरीच्या धारेसारख्या उभ्या तारा, आणि प्रत्येक कडेला खसखशीसारख्या दाण्यांची ओळ, जिला मिलग्रेन म्हणतात.

म्हणूनच १९०५ ची, सगळीच्या सगळी प्लॅटिनमची इंग्लिश अंगठी मला क्वचित दिसते. नेहमी दिसते ती दोन धातूंची: वरचा हिऱ्यांचा भाग प्लॅटिनमचा, खालची कडी, म्हणजे बोटाभोवतीचं वळं, १८ कॅरेट पिवळ्या सोन्याची, किंवा पुढे प्लॅटिनमचा पातळ थर आणि मागे सोनं. विक्रेता ‘प्लॅटिनम’ म्हणतो आणि तुम्ही उलटी केल्यावर पिवळं दिसतं, तर नाराज होऊ नका. तो त्या काळाचा खरेपणा आहे. उलट आतून-बाहेरून एकसारखी पांढरीशुभ्र, गुळगुळीत अंगठी हाती आली की मी भिंग काढते.

पांढऱ्या सोन्याचंही इथेच सांगून टाकते. प्लॅटिनम तेव्हा बहुतेक सगळं रशियातल्या उरल पर्वतातून यायचं. महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारी आम्लं बनवायला उत्प्रेरक म्हणून त्याची गरज पडली, सरकारांनी दागिन्यांतल्या वापरावर बंधनं आणली, १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. पांढरं सोनं बाजारात खऱ्या अर्थानं शिरलं ते या टंचाईत. तेव्हा ‘एडवर्डियन, पांढरं सोनं’ असं वर्णन दिसलं की तारीख किंवा धातू यांतलं एक चुकलेलं आहे असं धरून चाला. आणखी एक भाऊबंद म्हणजे ‘९ सीटी अँड सिल’ असा शिक्का असलेली अंगठी. त्यात पुढचा पांढरा भाग चांदीचा असतो. तीही प्लॅटिनमच्या भावात विकायला ठेवलेली मी पाहिली आहे.

शिक्के अगदीच निरुपयोगी नाहीत. कडी सोन्याची असेल तर तिच्यावर सोन्याचा हॉलमार्क असू शकतो आणि त्यातलं वर्षाचं अक्षर तुम्हाला थेट साल सांगतं. शहर चिन्हावरून कळतं: बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचा बिबट्याचा चेहरा, चेस्टरच्या गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार. १५ कॅरेटचा शिक्का तर सोन्याहून पिवळा, कारण ब्रिटनमध्ये तो दर्जा १८५४ ला सुरू झाला आणि १९३२ ला बंद झाला. फ्रेंच अंगठीवर कुत्र्याचं डोकं असेल तर तो प्लॅटिनमचा शिक्का आहे आणि तो १९१२ मध्ये आला. त्याआधी फ्रान्समध्ये प्लॅटिनमवरही सोन्याचंच गरुडाचं डोकं मारत. ‘इरिड प्लॅट’ असेल तर अंगठी अमेरिकेची, दहा टक्क्यांच्या आसपास इरिडियम घातलेल्या प्लॅटिनमची, आणि बहुधा १९१० नंतरची. मात्र एक लक्षात ठेवा. साल कडीचं कळतं, वरच्या भागाचं नाही. झिजलेली कडी कापून दुसरी जोडणं हे आमचं रोजचं काम आहे, आणि जुनी हॉलमार्कवाली कडी नव्या डोक्याला जोडणारेही आहेत.

तेव्हा अंगठी उलटी करा. दहापट भिंग फार महाग नसतं, ते घ्याच. जाळीच्या भोकांच्या आतल्या भिंतींकडे बघा. हातानं करवतीनं कापलेल्या जाळीत भोकाच्या आत उभ्या बारीक रेघा असतात, कडा धारदार असतात, आणि डावीकडचं पान उजवीकडच्या पानाशी तंतोतंत जुळत नाही. साच्यात ओतलेल्या आजच्या नकलेत भोकं आतून गुळगुळीत आणि कोपऱ्यांत गोलसर असतात, पृष्ठभागावर सुईनं टोचल्यासारखे खड्डे दिसतात आणि मिलग्रेनचे दाणे भिजलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांत विरघळलेले असतात. खऱ्या कामात प्रत्येक दाणा सुटा असतो, आणि शंभर वर्षांच्या वापरानं बाहेरच्या बाजूचे झिजलेले पण आडोशाचे अजून टोकदार असतात. ही असमान झीज बनवता येत नाही. निदान मी तरी अजून कुणी नीट बनवलेली पाहिलेली नाही.

मागे एक मुलगी साखरपुड्याची अंगठी एक माप मोठी करायला घेऊन आली होती. विकणाऱ्यानं ‘१९०८’ असं लिहून दिलं होतं. कडी कापली तर आत स्पंजासारखी छिद्रं. ओतीव काम, फार तर पंधरा-वीस वर्षांचं. हिरे चांगले होते, अंगठी देखणी होती, पण तिनं पैसे मोजले होते ते शंभर वर्षांचे. ती गप्प बसून राहिली, आणि मला कापलेली कडी पुन्हा जोडताना हात जड झाला. विकत घेण्याआधी अंगठी अर्धा तास कुणा स्वतंत्र जाणकाराच्या हातात पडली असती तर हे टळलं असतं.

हिऱ्यांकडे वळू. त्या काळचे पैलू वेगळे. आजचा गोल ब्रिलियंट ज्या प्रमाणांवर उभा आहे ती मार्सेल टोल्कोव्स्कीनं १९१९ मध्ये मांडली. एडवर्डियन अंगठीत हवा जुना युरोपियन पैलू, किंवा त्याहून जुना, उशीसारख्या आकाराचा माइन कट. वरचं सपाट मेज लहान, माथा उंच, आणि वरून सरळ बघितलं की मधोमध एक बारीक गोल खिडकी दिसते, कारण खालचं टोक कापून सपाट केलेलं असतं. मेणबत्तीच्या उजेडात हे हिरे आजच्यासारखे पांढरे लखलखत नाहीत, मोठमोठे रंगीत तुकडे फेकतात. मला ते जास्त आवडतात. रंग किंचित उबदार असतो, आणि त्यासाठी घासाघीस जरूर करा, पण तो दोष समजू नका. बाजूच्या बारीक हिऱ्यांत एकदोन आधुनिक पैलूचे निघाले तर कधीतरी पडलेला हिरा बदलला एवढाच अर्थ. सगळेच आधुनिक असतील तर अंगठीच आधुनिक. उलट बाजूनंही सावध राहा. जुन्या पद्धतीचे पैलू आजही पाडतात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांवरही, त्यामुळे जुना पैलू एकट्यानं पुरावा ठरत नाही.

हिऱ्यांच्या कडेनं नीलमण्यांची नेमक्या मापात कापलेली ओळ असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीवर माणिक बनवायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि १९१० च्या सुमारास नीलमही जमला. त्या काळच्या अस्सल अंगठ्यांतही हे कृत्रिम खडे मुळापासून बसवलेले सापडतात, कारण एकसारखा रंग त्यांत सहज मिळे. भिंगाखाली आत वक्र रेघा किंवा गोल बुडबुडे दिसले तर तो कृत्रिम. अंगठी खोटी होत नाही, पण नैसर्गिक नीलमाचे पैसे मोजू नका.

प्लॅटिनम आहे का, हे हातात घेतल्यावर जाणवतं. त्याची घनता २१.४५, अठरा कॅरेट पांढऱ्या सोन्याची पंधरा-सोळाच्या घरात, चांदीची साडेदहाच्या आसपास. पण दोन धातूंच्या अंगठीत वजनावरून अंदाज फसतो. आम्ल लावून कस बघणाऱ्याला जाळीच्या जवळ फिरकू देऊ नका. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र आता अनेक जवाहिऱ्यांकडे असतं, ओरखडा न पाडता पुढचा, मागचा आणि कडीचा असा तीन जागी कस घेता येतो. तीन जागी, असं आवर्जून सांगा.

रोज घालता येईल का? इथे मी तुम्हाला थोडी निराश करणार आहे. जाळीची एडवर्डियन अंगठी ही लग्नाची वेढणी म्हणून घडवलेलीच नव्हती. ती साखरपुड्याची किंवा समारंभाची. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्नात बोटात जायची ती साधी पिवळी, बहुतेक २२ किंवा १८ कॅरेटची. साध्या प्लॅटिनमच्या वेढण्या सर्रास दिसू लागल्या त्या १९२० आणि १९३० च्या दशकांत. आणि ब्रिटिश पुरुषांमध्ये लग्नाची अंगठी घालायची रीतच दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास रुजली. त्यामुळे ‘एडवर्डियन, पुरुषाची, प्लॅटिनमची लग्नाची अंगठी’ शोधू नका. त्या नावानं जे मिळेल ते बहुधा नंतरचं असेल आणि नावासाठी जादा पैसे जातील. त्याच्यासाठी १९३० च्या दशकातली साधी, जाड, प्रामाणिकपणे तशीच सांगितलेली प्लॅटिनमची वेढणी घ्या. किंवा खरोखर १९०० ते १९१४ चंच हवं असेल तर २२ कॅरेटची पिवळी. सोन्याच्या लग्नाच्या अंगठ्यांना हॉलमार्क १८५५ पासून सक्तीचा होता, म्हणून तिच्यावर साल स्वच्छ वाचता येतं. माझ्या मते हाच सगळ्यात सुंदर मार्ग, आणि २२ कॅरेट आपल्या डोळ्यांना परकंही नाही.

तिनं जाळीची अंगठी हौसेनं घ्यावी, पण कणीक मळताना, भांडी घासताना, व्यायामाला जाताना ती डबीत राहील या बोलीवर. कडीची मागची बाजू कॅलिपरनं मोजून घ्या. एक मिलिमीटरच्या खाली असेल तर नवी कडी जोडण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. साधी वेढणी तिच्या शेजारी दिवसभर घासत राहिली तर मिलग्रेन आधी जातं. वेगळ्या बोटात घाला.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथे होते. प्लॅटिनमचा डाग, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो धातू, वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात सोनं पाणी होतं. दोन धातूंच्या अंगठीवर अननुभवी माणसानं ज्योत धरली की मागचं सोनं बसतं, जाळी वाकते. म्हणून लोक स्वस्तात मऊ डाग देऊन मोकळे होतात, ज्यात शिसं असतं. तो करडा, मेणचट ठिपका जाळीच्या मागे दिसला तर ती अंगठी सोडून द्या. पुढे कुणी तिला भट्टीजवळ नेलं की शिसं प्लॅटिनममध्ये उतरून ते ठिसूळ करतं. अशा अंगठ्यांना लेझरनं सांधणारा माणूस शोधावा, उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतच राहते. आणि नुकताच ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा चढवून चकचकीत केलेल्या जुन्या प्लॅटिनमकडे दुसऱ्यांदा बघा. प्लॅटिनमला त्याची गरज नसते. मुलामा बरेचदा सांधे झाकायला असतो.

कुठे घ्याल? लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये नव्या दागिन्यांच्या गर्दीत जुनी चांगली दुकानं आहेत, बर्लिंग्टन आर्केडमध्ये माल निवडक आणि भाव त्या मानानं चढे. लिलावात हातोड्याच्या किमतीवर पाव हिस्सा किंवा जास्त अधिभार आणि वर कर, हे बोली लावण्याआधी मनात मिळवा. तिथे अंगठी ‘आहे तशी’ मिळते, पण आधी बघायला देतात आणि स्थिती-अहवाल मागता येतो. दुकानदाराकडून दुरून, ऑनलाइन घेतलीत तर ब्रिटनच्या कायद्यानं सहसा १४ दिवसांत परत करता येते. त्या १४ दिवसांतच ती स्वतंत्र जाणकाराला दाखवा. पावतीवर काळ, धातू, हिऱ्यांचा पैलू आणि माहीत असलेले बदल लिहून घ्या. ‘एडवर्डियन शैलीची’ आणि ‘एडवर्डियन’ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तो एक शब्द मुद्दाम घातलेला असतो.

घरची मंडळी विचारतील, मोडीत किती येतील? खरं उत्तर द्या. अशी अंगठी तीन-चार ग्रॅमची. आपल्याकडच्या पेढीवर नेली तर वजन होईल, तूट कापली जाईल आणि शंभर वर्षांपूर्वीच्या घडणावळीचे शून्य रुपये मिळतील. हा पैसा कारागिरीचा आहे, धातूचा नाही. ज्यांना दागिना गुंतवणूक म्हणून हवा त्यांनी हे घेऊ नये. लग्नाला भारतात नेताना पावती आणि फोटो सोबत ठेवा, सीमाशुल्क अधिकाऱ्यांना विचारलं तर दाखवा. आणि मुंबईतल्या कुठल्या जुन्या घराण्याकडून अशी अंगठी घ्यायचा विचार असेल तर थांबा. भारतात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. लंडनला परत आणायची अंगठी लंडनलाच घ्या.

राहिलं माप. इंग्लिश मापात एका अक्षराचा फरक म्हणजे परिघात सव्वा मिलिमीटर. जुनी जाळीची अंगठी एक-दोन अक्षरांपलीकडे लहानमोठी करू नये, वरची कमान ताणली जाऊन हिरे सैल होतात. म्हणून बोटाला जवळ असलेलीच शोधा. आणि माप लंडनच्या जानेवारीत, सकाळी, गार हातानं घेऊ नका. पुण्याच्या मे महिन्यात तीच अंगठी पेरावर अडकेल. संध्याकाळी, चालून आल्यावर, हात ऊबदार असताना दोनतीन वेळा मोजा आणि मोठं माप धरा. हिवाळ्यात फिरायला लागली तर कडीच्या आत प्लॅटिनमचे दोन बारीक मणी लेझरनं बसवून घेता येतात. ते काम तासाभराचं आहे, आणि नको झाले की काढताही येतात.